रस्ता नव्हता म्हणून

सकाळचा पेपर काजरमळला दुपारी पोचायचा. गाडी तो फाट्यावर टाकून जाई आणि तिथून कुणीतरी जंगलातल्या पायवाटेनं घेऊन येई. तोवर गोपाळच्या गिरणीवर भाताची पोती रांगेला लागलेली असत. गोपाळ इंजिन बंद करायचा, अंगावरचा कोंडा झटकायचा आणि मोठ्यानं वाचायला बसायचा. प्रत्येक बातमीनंतर चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत एकच शब्द उच्चारायचा.

"बंगळूरात मुख्यमंत्री म्हणतात, पक्षात मतभेद नाहीत. खोटं! खुर्चीचा एक पाय ह्येनं धरलाय, दुसरा त्येनं."

"आणि ऱ्हायलेलं दोन, अण्णा?" बायजा विचारायची.

"ते दिल्लीत!"

गिरणीभर हशा पिकायचा. त्या हशात अलीकडे तुळजा नसे.

पंचायतीच्या निवडणुकीआधी गावानं देवळात नारळ ठेवून पारूचं नाव ठरवलं होतं. पारू ही गावच्या प्रमुखाची, म्हणजे बुधवंत लखूची सून. ठरलेल्या नावासमोर कुणी उभं राहायचं नाही, ही जुनी रीत. तुळजानं तरीही अर्ज भरला. ती हरली, पण लखूनं जाहीर केलं, "ह्या घराशी पाणी-विस्तव बंद." पेपरात मथळा आला : 'काजरमळने जपली एकोप्याची परंपरा'. गोपाळनं तो वाचून दाखवला आणि त्या एका बातमीला तो खोटं म्हणाला नाही. पुढे तुळजा भाताचं पोतं घेऊन आली, तेव्हा "इंजिन बिघडलंय" म्हणून त्यानं तिला परत पाठवलं. त्याच्या पाठीमागे इंजिन धडधडत होतं.

कापणीच्या दिवसांत तुळजाच्या नवऱ्याला, वासूला, बांधावर साप चावला. काजरमळात आजारी माणसाला फाट्यावर न्यायची पद्धत ठरलेली. वेळूला कांबळं बांधायचं, त्यात माणूस निजवायचा आणि गड्यांनी आळीपाळीनं खांदा द्यायचा. तुळजा दारोदार पळाली. कुणी कडी काढली नाही. शेवटी ती गिरणीवर आली.

"अण्णा, खांदा द्या. तुमच्या पाया पडते."

गोपाळनं तिच्याकडे पाहिलं नाही. "बुधवंताला विचार," तो म्हणाला.

तुळजानं आणि तिच्या लेकीनं, दीपालीनं, वेळू उचलला. ओढ्यापाशी दीपाली कोसळली. वासू तिथंच गेला. ॲम्ब्युलन्स फाट्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी रामनगरहून प्रज्योत आला. पेपरला बातम्या तोच द्यायचा आणि जाहिरातीही तोच गोळा करायचा.

"अण्णा, सरकारला तुम्ही रोज झोडता. आज पेपरासाठी झोडा की. रस्ता असता तर वासू वाचला असता, एवढंच म्हणा."

गोपाळ रात्रभर झोपला नव्हता. "गाडी येऊन उभी व्हती रे. खांदे न्हवते. वाळीत घातलंय त्या घराला. गावात गडी काय कमी व्हते? मी बी व्हतो."

प्रज्योतचं पेन थांबलं. "असलं छापलं तर गावात पेपर कोण घेईल? परवा रस्त्यासाठी पुढारी उपोषणाला बसत्यात. सरकारवर घातलं की कुणाचंच नाव येत न्हाई. सगळ्यांचं भागतंय."

"वासूचं?"

प्रज्योतनं गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं.

पेपर आला त्या दुपारी गिरणीवर पाय ठेवायला जागा नव्हती. लखूसुद्धा येऊन बसला होता.

"वाच की अण्णा, तुझा फोटो आलाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

गोपाळनं वाचलं, " 'रस्त्याअभावी शेतकऱ्याचा बळी. सरकारच जबाबदार, ज्येष्ठ ग्रामस्थ गोपाळ यांचा संताप.' " त्यानं चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "खोटं!"

सवयीनं सगळे हसले.

"हसू नका. रस्ता न्हवता, हे खरं. त्यामुळं वासू मेला, हे खोटं. तुळजा तुमच्या दारात आली व्हती, माझ्याबी आली व्हती. बुधवंताला विचार म्हणालो मी. बंगळूरचं खोटं मला हितनं दिसतंय, आणि दारातलं दिसलं न्हाई."

लखू उठला. "गोपाळ, ध्येनात ठेव. तुझ्या गिरणीवरबी आता कोण येणार न्हाई."

एकेकानं आपलं पोतं उचललं. बायजा जरा घुटमळली. मग तीही गेली.

गोपाळ तुळजाच्या घराकडे निघाला. आतून मुसळाचे घाव ऐकू येत होते. ती उखळात भात कांडत होती. दीपाली भिंतीला टेकून बसली होती. अंगणात भाताचं पोतं होतं, त्यानं परत पाठवलेलं.

"तुळजाक्का, भात न्यायला आलोय."

"इंजिन दुरुस्त झालं व्हय, अण्णा?" तुळजानं मान वर न करता विचारलं. मुसळ थांबलं नाही.

वाकून त्यानं पोतं उचललं आणि खांद्यावर घेतलं. ते सहज पेललं. वासूही पेलला असता.