दोन्हीकडची माणसं

मखमलाबादच्या मळ्यात शेवंती ऐन भरात आली होती आणि लता तिच्याकडे पाठ करून बसली होती. तोडणीच्या बायकांना हसवून हसवून दमवणारी ही बाई! तिचा नवरा जयराम लांबून बघत होता. लताच्या यकृताला विषाणू लागला होता. चार महिने दर शुक्रवारी इंटरफेरॉनची सुई चालू होती. आजार हटत होता, पण लता मिटत चालली होती.

"मला आता सुई नको. कायच नको," ती म्हणाली.

सुई अर्धवट सोडली तर दुखणं उलटेल, हे जयरामला पक्कं ठाऊक होतं. तो तिला तडक नाशकात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"हे औषध काही जणांचं मन खाली ओढतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं नाही. रक्ताच्या नात्यात उदासीचा आजार असेल, तर धोका जरा जास्त. तुमच्या माहेरी कुणाला होता?"

"छे! सगळे ठणठणीत." नवऱ्यासमोर माहेराला बट्टा लागू देईल ती लता कसली!

जयरामने ओळखलं. तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "मॅडम, आधी माझ्या घरचं ऐका. माझी आत्या हळदीच्या दिवशी पळाली अन् कांद्याच्या चाळीत लपली. चुलता बैलाशी भांडला, की जेवण सोडायचा."

"चुलते की बैल?" बाईंनी गंभीरपणे विचारलं.

"दोघंबी!"

"अहो, गप बसा! इज्जत घालवताय," लता म्हणाली आणि खुदकन हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "माझी आई हाय ना, मॅडम... दर बाळंतपणानंतर महिनोन् महिने भिंतीकडं तोंड करून पडायची. थोरला भाऊ मोतीरामदादा, त्याचंबी एकदा तसंच झालं. आम्ही कुणाला बोललो नाय."

"बरं झालं बोललात," बाई समजावत म्हणाल्या. "आईबापांचे नाकडोळे मुलांत उतरतात तसं हेही थोडं रक्तातून येतं. येतंच असं नाही, आणि त्यात कुणाचा दोष तर मुळीच नाही. कळलं, की उपाय करता येतो."

त्यांनी मनासाठी रोजची गोळी दिली, सुई चालूच ठेवली आणि दर आठवड्याला भेटायला बोलावलं. गोळी लागू पडायला वेळ लागला. जयराम मात्र रोज चोरून तिचा चेहरा बघायचा.

मग एका शुक्रवारी सकाळीच मळ्यातून आवाज आला, "अहो, आज सुई हाय ना? अन् दिंडोरीवरनं आईला घेऊ. तिलाबी मॅडमना दाखवायचंय. टेम्पोत आम्ही दोघी पुढं ड्रायव्हरशेजारी, तुम्ही मागं फुलांच्या पाट्यांत!"

जयराम पाट्या सरकवून मागे चढला. आयुष्यात इतक्या आनंदाने तो कधी मागे बसला नव्हता.