सामान बसले, रंजना चालली

मी एक जुनी जीप आहे. रंजना वेळेवर पोहोचली नाही.

मित्रांनो, यातले दुसरे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. छापताना चुकून आत शिरले असेल. आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू, कारण तेव्हा अजून कोणालाच उशीर झालेला नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला चार चाके लावली आणि पाचवे पाठीला अडकवले. आपल्यावर कोणाचा फारसा विश्वास नाही, हे मला तिथेच समजले. पहिली काही वर्षे मी शहाद्याला एका साहेबांकडे होते. साहेब एकटेच बसत आणि सारखे घड्याळ बघत. मग मी जुनी झाले आणि फुलसिंगने मला धडगावच्या डोंगरात आणले.

माझ्या कागदावर आसनक्षमता नऊ लिहिली आहे. आमच्या घाटात मात्र माणसालाच सीट म्हणतात. "किती सीट झाल्या?" असे फुलसिंग विचारतो तेव्हा तो माणसे मोजत असतो. बकरी अर्धी सीट. कोंबडी मोजत नाहीत. मागे लटकणारेही मोजत नाहीत, कारण ते गाडीत आहेत की रस्त्यावर, हे अजून कोणी ठरवलेले नाही. आमच्या पाड्यापासून धडगाव एकोणीस किलोमीटर, आणि पाड्याला जीप मी एकटीच. माझ्यात दोन बाळे जन्मली. दुसऱ्याचे नाव गियर ठेवायचे जवळजवळ ठरले होते, पण त्याच्या आईला वेळीच शुद्ध आली. मी चढावर बंद पडले की लोक उतरून मला ढकलत आणि ढकलताना माझ्याशी गोड बोलत. ते दिवस मानाचे होते.

पावसाळा संपता संपता भाग्येश आला. हा सारंगखेड्याचा तरुण. छोट्या गटांना डोंगरात चालायला, पोहायला, लोकांच्या घरी राहायला घेऊन जातो, आणि सगळे जबाबदारीने करतो. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. मला तीन दिवसांसाठी ठरवण्याआधी त्याने पाड्यात सभा घेतली, सगळ्यांना विचारले, सगळ्यांनी माना हलवल्या. मला नवे ब्रेक बसवले. सीटबेल्टही बसवले, ज्यांनी फुलसिंग आता बकऱ्या बांधतो.

गटात आठ पाहुणे. आठच, नववा नाही. ते मक्याची भाकरी मांडी घालून खात आणि ताट स्वतः घासत. फोटो काढण्याआधी परवानगी घेत. एकाने ती म्हशीचीही घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाड्यातला कचरा असा मनापासून उचलला की नवलसिंगच्या शेतातल्या बुजगावण्याचे डोकेही गेले, कारण ते प्लास्टिकचे होते. सकाळी पोपट आले. गटाने नवलसिंगची लेखी माफी मागितली. नवलसिंगला वाचता येत नसल्याने त्याने तो कागद बुजगावण्यालाच लावला.

तिसऱ्या दिवशी गट घाटातून चालत धडगावला निघाला. मी मागे. माझ्यात माणूस एकच, फुलसिंग. बाकीच्या जागांवर आठ पिशव्या, प्रत्येकीला सीटबेल्ट. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी मधली सीट दिसली. तिच्यावर कमळाची फुले आहेत.

तेवढ्यात रंजना धावत आली. रंजना म्हणजे पाड्यातली बारावी झालेली पहिली मुलगी. टेकडीवर गेल्यावर तिच्या फोनला रेंज आली आणि कळले की नर्सिंगच्या शेवटच्या फेरीत तिचा नंबर लागला आहे. मूळ कागद घेऊन आज एक वाजेपर्यंत धडगावच्या प्रवेश खिडकीवर हजर व्हायचे, नाहीतर जागा पुढच्या नावाला. तेव्हा पावणेदहा झाले होते. पाड्यातल्या दोन मोटारसायकलींपैकी एक पहाटेच बाजाराला गेली होती आणि दुसरी सुटी करून अंगणात मांडली होती.

फुलसिंगने भाग्येशला हाक मारून सांगितले की पोरीला सोडून दीड तासात परत येतो. भाग्येशचे तोंड उतरले. मागच्या वर्षी दुसऱ्या एका डोंगरात एका पाहुण्याचा पाय मोडला, तेव्हा गाडी चहाला गेली होती. तेव्हापासून त्याचा नियम आहे की गाडी गटापासून शंभर पावलांच्या पुढे जायची नाही. शिवाय विमा आठ नावांचा.

"फुलसिंगदादा, मन्हा हातमा काही नही शे," तो आपल्या अहिराणीत हळूच म्हणाला. "गटना नियम शे. बठासनं एकमत लागस."

सगळ्यांचे एकमत झाल्याशिवाय मी गटाला सोडायचे नाही, म्हणजे रंजना बसली असती तरी मी पाहुण्यांच्या पावलांनीच गेले असते. तिने ते लगेच ओळखले. तिने पिशव्यांकडे पाहिले.

"मामा, यांचा नंबर कितव्या फेरीत लागला?" एवढे फुलसिंगला विचारून तिने कागदांची फाईल पोटाशी धरली आणि चालायला लागली. तिने पाहुण्यांना मागे टाकले तेव्हा, काहीच ठाऊक नसल्याने, त्यांनी तिच्या चालण्याचे फार कौतुक केले.

मित्रांनो, मी काय करू शकत होते? उतारावर मी आपणहून थोडी घरंगळून पाहिले. नवे ब्रेक उत्तम निघाले. हॉर्न वाजावा म्हणून खड्ड्यात जोरात आपटले, तर नुसते वायपर सुरू झाले. एरवी मी न विचारता बंद पडते, पण त्या दिवशी इंजिन असे सुरळीत चालले की फुलसिंगने दोनदा उतरून पाहिले, आपलीच गाडी आहे ना म्हणून. पाहुणे पक्षी बघायला थांबत. मीही थांबे. रंजना आधी वळणापलीकडे गेली, मग समोरच्या डोंगरावर एक ठिपका झाली, मग तोही दिसेना.

पावणेबारा वाजता फुलसिंगला राहवले नाही. काजल नावाची पाहुणी पाण्याची बाटली घ्यायला माझ्याजवळ आली, तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. काजल हातातली बाटली तशीच ठेवून पळत गेली. लगेच सगळे रस्त्याच्या कडेला गोल करून बसले. सात हात झटकन वर झाले. आठवा पाहुणा झाडीत गेला होता. तोही जबाबदार होता. सोबत छोटे फावडे नेऊन, वीतभर खोल खड्डा करून, नंतर वर माती आणि पाने पसरून यायचे, असा नियम. सातपुड्यात दगड फार. एकमत व्हायला साडेबारा वाजले.

मग सगळे पिशव्या मांडीवर घेऊन चढले आणि मी धावले. तशी मी कधी धावले नाही. शेवटच्या चढावर रंजना दिसली. चप्पल तुटल्याने ती अनवाणी होती. फुलसिंगने दार उघडले, पण भाग्येशने एक कागद पुढे केला. विम्याबाहेरचा प्रवासी स्वतःच्या संमतीने बसतो आहे, असा. नुसती सही घेणे त्याला पटेना, म्हणून त्याने तो तिला पूर्ण वाचून दाखवला आणि शेवटी, समजले का, असेही विचारले.

"समजलं," रंजना म्हणाली. "आता बसू?"

आम्ही एक वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो. खिडकी बंद होती. आतला माणूस वाईट नव्हता. त्याने दार उघडून सांगितले की यादी एकच्या ठोक्याला वर गेली, आता त्याचाही हात तिथे पोहोचत नाही. काजल रडली. भाग्येश माझ्या बॉनेटला टेकून उभा राहिला, चटका बसला तरी हलला नाही. रंजनाने कागद नीट लावले आणि फुलसिंगला विचारले, "मामा, परत कधी निघणार?"

पुढच्या आठवड्यात गटाच्या सहलीचा अहवाल आला. कचरा शून्य. अपघात शून्य. स्थानिक जीवनावर परिणाम शून्य.

रंजना आता मिरची तोडायला जाते, माझ्यातूनच. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार म्हणते. मित्रांनो, जुन्या गाडीचे तेलपाणी वेळेवर करा. आणि सीट रिकामी असेल तर आधी माणूस बसवा, सभा मग घ्या. गाडीला हे ओरडून सांगता येत नाही. तिला फक्त अर्ज करता येतो, तोही असा:

प्रति, वेळेचा कारभार ज्या कार्यालयाकडे असेल तेथील माननीय अधिकारी. विषय: पाच मिनिटे रद्द होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की सदर दिवशी दुपारी एक ते एक वाजून पाच मिनिटे हा कालावधी अकराणी (धडगाव) तालुक्यापुरता झालाच नाही, अशी नोंद घेण्यात यावी. या कालावधीत अन्य कोणाचे काही महत्त्वाचे घडले असल्यास ते सहाव्या मिनिटात घडवून घ्यावे. अर्जदार उमेदवारासह खिडकीबाहेर उभी असून इंजिन चालू ठेवले आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.