गाभ्याचा कागद

काजलने निळ्या कार्डशीटची गुंडाळी उलगडली, पुन्हा गुंडाळली आणि भावाच्या हातात परत ठेवली.

"हे काय हाय, दादा?"

"कागद," सचिन म्हणाला.

"सूर्य निळा असते काय?"

"आर्वीत दुसरा भेटलाच नाई. दोन दुकानं पालथी घातली. एक हिरवा होता, पण तो घ्यायले मलेच कसं तरी वाटलं."

त्याचेही काही चुकले नव्हते. तालुक्यातल्या शाळांना विज्ञान प्रदर्शन एकाच आठवड्यात सुचले होते आणि निम्म्या पोरांच्या वाट्याला सूर्य आला होता. पिवळा, केशरी आणि लाल हे तीन रंग बाजारातून पार उठले होते. प्रदर्शन उद्या अकराला. आज रविवार, काजलच्या हक्काचा एकुलता एक दिवस. एरवी ती सकाळी आठच्या एसटीने रोहण्याहून आर्वीला जायची आणि रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधत बसायची. आज डोके धुवायचे ठरवले होते. तेल लावून बसलेले ते डोके आता दुपारपर्यंत तसेच राहणार होते.

घरापुढच्या छपरीच्या मधोमध गुंजन बसली होती, सचिनची सातवीतली मुलगी. तिची आई माहेरी गेलेली, म्हणून हे सगळे आत्याच्या गळ्यात. गुंजनने कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून दोरी-पेन्सिलीने एकात एक सहा वर्तुळे काढली होती. सगळ्यात बाहेर किरीट, मग वर्णगोल, दीप्तिगोल, संवहन विभाग, प्रारण विभाग आणि मधोमध गाभा. वर्तुळे छान आली होती. चिकटवायला कागद तेवढा नव्हता.

"पुठ्ठा रंगवून टाक," काजल म्हणाली.

"रंग चालत नाई. मागच्या वर्षी दोन सूर्य एकमेकांले चिकटले होते. मॅडम म्हणे, कागदच पाहिजे."

"बरं. मंग गाभा पांढरा कर. वहीचा कागद लाव."

"गाभा गडद लाल सांगितला हाय."

"गुंजन, गाभा सगळ्यात तापलेला असते. जे लई तापते ते पांढरं होते, लाल नाई."

"मॅडमनं लाल सांगितला हाय, आत्या."

काजलने डोळे मिटले आणि उघडले. बीएस्सीची तीन वर्षे सातवीच्या मॅडमपुढे काही कामाची नव्हती. पलीकडे खांबाला टेकून तिची आई, आनंदाबाई, तुरीची डाळ पाखडत होती. गुंजनने पेन्सिलीचे टोक चावत वर पाहिले, दारातून आत, कपाटाच्या माथ्यावर.

"लाल कागद तं घरीच हाय ना," ती म्हणाली. "पिवळा पण हाय. वर, दुपट्ट्यात."

आनंदाबाईचे सूप थांबले. सचिनला एकाएकी आठवले की शेतात बाबा एकटेच हरभरा काढत आहेत, आणि तो चपला घालून निघूनही गेला.

कपाटावर, जुन्या दुपट्ट्यात बांधून, काजलच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या. लग्नाला आठ दिवस असताना मुलाकडच्यांचा फोन आला होता की जमणार नाही. कारण त्यांनी सांगितले नाही, आणि चारच महिन्यांत त्या मुलाचे अकोल्याला लग्नही झाले. पत्रिका वाटून झाल्या होत्या, वीस-बावीस तेवढ्या राहिल्या. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती केरात टाकायची नाही, चुलीत घालायची नाही, नदीतच सोडायची. नदीवर जायचे म्हणजे कोणीतरी ती उचलायला हवी आणि तिच्याबद्दल बोलायला हवे. दोन वर्षांत ते कोणालाच जमले नव्हते. काजलने एकदा म्हटले होते, मी सोडून येते एसटीने जाऊन. त्यावर आई दोन दिवस जेवली नव्हती.

काजलला चीड यायची ती याची. तिचे स्वतःचे रडणे आठ दिवसांत आटोपले होते, नवव्या दिवशी तिने लॅबची नोकरी विचारली होती. पण घराचे काही आटोपेना. त्या गोष्टीचे नाव निघाले की सगळ्यांचा आवाज खाली यायचा. बाबा घसा खाकरायचे, आई 'ते झालं तवा' एवढेच कुजबुजायची. पाहुणे आले की काजलला चहा ठेवायला आत पाठवायचे आणि बाहेर दबक्या आवाजात बोलणे सुरू व्हायचे, जसे काही आत कोणी आजारी माणूस झोपले आहे. आपण आजारी नाही हे तिने किती वेळा सांगावे.

तिने स्टूल ओढले, त्यावर चढली आणि दुपट्ट्याचे गाठोडे खाली आणून गुंजनपुढे सोडले. धूळ उडाली. पिवळे लिफाफे, केशरी पत्रिका आणि प्रत्येकीत एक गडद लाल पान.

"घे. सूर्य कर."

"काजल," आनंदाबाई हळूच म्हणाली, "देवाच्या फोटोले कैची लावतं काय?"

"मोठ्यानं बोल ना आई. इथं कोण झोपलं हाय?"

"गणपती हाय त्याच्यावर."

"तं गणपती आधी काढून घेऊ. मंग झालं?"

आनंदाबाईने सूप बाजूला ठेवले आणि स्वतः पितळी ताट घेऊन आली. गणपती काढायचा तो असा की त्याच्या अंगाला कात्री लागता कामा नये. चहूबाजूंनी दोन बोटे जागा सोडायची. काजल एका बोटावर कापू गेली की आई हात धरायची. लाल पानाच्या डोक्यावर तळहाताएवढा गणपती, त्याच्याभोवती ही दोन बोटे, म्हणजे अर्धे पान ताटातच जात होते. काजल दातओठ खात कापत राहिली. गणपती एकावर एक साठू लागले.

गुंजनने एक पान उचलून वाचायला घेतले. "'चि. सौ. कां. काजल.' हे तू हायस, आत्या."

"हो."

"अन् हा कोण हाय?"

"कोणी नाई. उलटा चिकटव."

गुंजनने उलटा चिकटवला. काजलला वाटले होते की ही नावे पाहून कुठेतरी दुखेल. पण तिला फक्त खळ पातळ झाल्याचा राग आला. पिवळ्या लिफाफ्यांच्या पाकळ्या करून किरीट झाले. केशरी कागदाचे तुकडे जुळवून मधली वर्तुळे झाली. वर्णगोलाची लाल कड सुरू केली तेव्हा कळले की खालच्या सात-आठ पत्रिका कसरीने खाल्ल्या आहेत. आनंदाबाई मधूनमधून 'तिकडे वाकडं हाय' म्हणून सांगत होती आणि सांगितलेले नेमके बरोबर असायचे, त्यामुळे काजल आणखीच वैतागत होती.

दुपार उतरली. पुठ्ठ्यावर सूर्य दिसायला लागला होता, आणि चांगला दिसत होता. मधोमध मात्र कूलरचा पुठ्ठा तसाच उघडा होता, बशीएवढा गोल.

"गाभ्याले लाल नाई उरला," गुंजन म्हणाली.

काजलने चिंध्या चाळल्या. बोटाबोटाएवढ्या पट्ट्या होत्या.

"जोडून लाव."

"गाभा जोडलेला नाई चालत. एक तुकडा पाहिजे." गुंजनचा आवाज कापरा झाला. "अन् मले गाभ्याबद्दलच बोलायचं हाय, आत्या. किरीट, वर्णगोल दुसऱ्या पोरी सांगणार. गाभा मी मॅडमले मागून घेतला. मी पाठ केलं हाय. गाभ्यातला उजेड बाहेर याले हजारो वर्षं लागते, अन् तिथून आपल्यापाशी आठ मिनिटांत येते. आता पुठ्ठ्यावर बोट ठेवून सांगू काय?"

आणि ती रडायला लागली. वर्गात कधी हात वर न करणाऱ्या या पोरीने पहिल्यांदा काही बोलायचे मागून घेतले होते, हे काजलला आत्ता कळत होते. मग तिचा ताबा सुटला.

"तुझ्या गणपतीनं अर्धा कागद खाल्ला, आई," ती म्हणाली. "दोन बोटं, दोन बोटं. एका पोरीच्या शाळेचं काम हाय, तिथंही तुझं सुरूच. दोन वर्षं झाले. या घरात पंखा लावायचा असला तरी लोकं माझ्याकडे पाहून लावते. सकाळी उठली का तू देवापाशी अर्धा घंटा काय पुटपुटत असतं, मले का समजत नाई? पोरीले नवरा दे, पोरीले नवरा दे. मले नाई पाहिजे तो. मले या घरात मोठ्यानं बोलणारी माणसं पाहिजे."

आनंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत देवघरात गेली. काजल मनात म्हणाली, गेली. आता देवापाशी बसेल, डोळे पुसेल आणि संध्याकाळी जेवणार नाही. आपण बोललो ते खरेच होते, पण गुंजनच्या देखत बोलायला नको होते. तिने गुंजनच्या नाकाला रुमाल लावला.

आई लगेचच परत आली. तिच्या हातात एक पत्रिका होती.

"ही घे. यातलं पान धड हाय."

काजलने ती उघडून पाहिली. देवाची पत्रिका होती ती. छापून आणल्यावर पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, लग्नाला या म्हणून, आणि मग बाकीच्या गावात जातात. ती देवापुढे ठेवताना काजल स्वतः आईशेजारी उभी होती. तेव्हा आतल्या लाल पानाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाचे एकेक बोट होते. आता खालचा उजवा कोपरा कुंकवाने जाड झाला होता. थरावर थर बसून त्याची वाळलेली खपली झाली होती, आणि अगदी वरचे बोट ओले वाटावे इतके ताजे होते. आजच्या सकाळचे.

"हे काय, आई? रोज लावत होती?"

"हं."

"त्याचं तं लग्नही होऊन गेलं."

"त्याच्यासाठी नोतं," आनंदाबाई म्हणाली. "नवऱ्यासाठीही नोतं. मी कायले मागू? तू कमावतं, खातं, मले दिसत नाई काय?"

"मंग?"

आनंदाबाईने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"देवाले आवतन देल्लं होतं. गावातल्या लोकाले बाबा घरोघरी जाऊन सांगून आले, कार्यक्रम नाई म्हणून. देवाले कोण सांगन? बोलावलं अन् पाटावर बसवलंच नाई. आता जा म्हणू काय त्याले? म्हणून रोज बोट लावत होती. थांब बावा जरासा, म्हणत होती. चूक झाली, थांब."

काजलच्या हातातली पत्रिका तशीच राहिली. दोन वर्षे ती भिंतीपलीकडून ते पुटपुटणे ऐकत होती, आणि रोज मनातल्या मनात आईशी भांडून एसटीला पळत होती. तिला हसू येत होते आणि त्या हसण्याचा तिला भयंकर राग येत होता.

"अन् आता तो कागद काऊन देऊन राह्यली?"

"पोरीले बोलाचं हाय ना त्याच्यावर."

गुंजन दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. काजलने पत्रिकेतून लाल पान अलगद सोडवले आणि गणपती कापायला घेतला. यावेळी तिने दोन बोटांऐवजी तीन बोटे जागा सोडली. उरलेल्या पानावर बशी ठेवली. बशी जेमतेम बसली, कुंकवाचा बराचसा थर आत घेऊन. आनंदाबाई कापलेला गणपती तळहातावर घेऊन उभीच होती. ताटात बाकीच्यांवर ठेवावा की कुठे, तिला सुचत नव्हते.

"आता याले काय सांगू?" ती म्हणाली, पुन्हा त्याच दबक्या आवाजात.

"काय सांगू म्हणजे?" काजल वैतागून म्हणाली. तिने मान वर केली नाही, ती खळ लावत होती. "आता हाय ना कार्यक्रम. उद्या अकरा वाजता, शाळेत. तेच सांग."

आईने थट्टा आहे की काय म्हणून तिच्याकडे निरखून पाहिले. काजलने गाभा पुठ्ठ्याच्या मध्यावर ठेवला, तळव्याने दाबला आणि हात उचलला तेव्हा तळवा लाल झाला होता. आनंदाबाई आत गेली. देवघरात निरांजनासाठी ओढलेली काडी वाजली. मग तिचा आवाज आला, चांगला खणखणीत, रस्त्यावर ऐकू जाईल असा.

"उद्या अकरा वाजता, शाळेत. आमच्या गुंजनचा कार्यक्रम हाय, काजलनं मांडून देल्ला. येजो बावा. या वक्ती नक्की हाय."

शेतातून परत आलेला सचिन दारात चपला काढता काढता थबकला.

"आई कोणाले बोलवून राह्यली वो एवढ्या मोठ्यानं?"

"पाहुणे हाय एक," काजल म्हणाली, "दोन वर्षांपासून थांबले होते," आणि डोके धुवायला मोरीकडे गेली.