भूकंपानंतरचा पहिला फोन

भूकंप होऊन तासही झाला नव्हता. चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर माणसांची ही गर्दी, आणि त्या गर्दीत ताई. नवरा सकाळच्या पाळीला आत गेला होता. पाळीतले बरेचसे बाहेर आले, तो आला नव्हता.

फोन वाजला. धाकटा भाऊ! वडिलांच्या घराच्या वाटणीवरून वर्षभर तोंड न दाखवणारा. काही झालं तरी पाठचा भाऊ, असं म्हणत ताईने डोळे पुसले.

"ताई, बरी आहेस ना?"

"मी बरी आहे रे. पण हे अजून आतच आहेत."

"दाजींना काही होत नाही गं. बरं, आत वीज आहे का? मोठ्या यंत्रांचं काय?"

ताईला वाटलं, दाजींच्याच काळजीने विचारतोय. भाबडेपणाने तिने सगळं सांगितलं: वीज गेलीय, यंत्रं जागची हललीत, तीन महिने तरी काम बंद राहील असं बाहेर आलेले म्हणतायत. तेवढ्यात पलीकडे तो कुणावर तरी ओरडला, "विकून टाक सगळे! बातमी फुटायच्या आत!"

"काय विकतोयस?"

"शेअर गं, तुमच्या कंपनीचे. आता ती दुसरी चिप कंपनी वर जाणार. तुझ्या नावावर घेऊ का थोडे?" इतक्या मायेने त्याने वर्षभरात तिला काही विचारलं नव्हतं.

"मेल्या, तुझे दाजी आत अडकलेत!"

"हो गं. बाहेर आले की मला फोन करायला सांग. आतलं नक्की त्यांनाच ठाऊक."

ताईने फोन बंद केला. तिला शिसारी आली. भावाची आली, तशी स्वतःचीही, कारण बातमी तिच्याच तोंडून गेली होती. फोन साबणाने धुवावा असं वाटलं तिला.

अर्ध्या तासाने नवरा आला. पांढरा पोशाख धुळीने माखलेला, एक हात गळ्यात बांधलेला. ती त्याला धरून रडत असतानाच फोन पुन्हा वाजला. पडद्यावरचं नाव बघून नवऱ्याचा चेहरा खुलला.

"धाकट्याचा फोन! बघ, शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस."

ती नको म्हणेपर्यंत त्याने चांगल्या हाताने फोन कानाला लावलासुद्धा.

"हो रे, आलो बाहेर. हात मोडलाय, पण... काय? यंत्रं?" तो गोंधळला. "ती गेली रे सगळी."

पलीकडचा सुस्कारा ताईलाही ऐकू आला.

"वाचलो!" धाकटा म्हणाला.