ओल्या गोलाचं माप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. कापडी, कातड्याच्या गोल डबीत गुंडाळलेला. सुधाकर सर बुलडाणा जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींची मार्गदर्शिका तयार करत होते, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असे. रोहिणखेडच्या मशिदीच्या कमानी आम्ही दोघांनी मोजल्या. पुस्तक छापून आलं तेव्हा सगळे म्हणाले, "मापं बिनचूक आहेत." मी डबीत फुगून बसलो होतो.

बारवखेडची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आम्ही आखाडात मोजली होती. गावात चिटपाखरू नव्हतं. दारांना कड्या, चुली थंड. मला पायरीवर पसरलं, तर खाली ओला गोल होता, नुकत्याच उचललेल्या घागरीचा. मी भिजलो. सरांनी मला धोतराच्या सोग्याला पुसलं. शेवटची एसटी गाठायची होती. पुस्तकात त्यांनी लिहिलं, 'ओसाड गावातील सुंदर बारव.'

काही वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी आम्ही परत गेलो. बारवेच्या वरच्या पायऱ्याच नव्हत्या. काठावर गावातली तानुबाई दोर सोडून पाणी शेंदत होती.

"तुमीच का ते पुस्तकवाले?" ती म्हणाली. "गाव ओसाड, तं मंग आमी का भुतं?"

सरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"त्या दिवशी सारं गाव मरीमायले निवद घेऊन शिवारात गेलतं. आखाडात जातोच आमी. सांजलोक थांबले असते तं दिसलो असतो."

"चुकलं माझं, बाई."

"चुकलं तं चुकलं. दगड कोन आनून देते?"

बारवेचे दगड नाल्यावरच्या नव्या बांधाच्या कामाला चालले होते; पुस्तकात गाव ओसाड म्हणून कचेरीने परवानगी दिली होती. सर तिथे धावले. ठेकेदार हसला. "सर, तुमचं छापलेलं मानू का बोललेलं?"

त्या रात्री सर जेवले नाहीत. मग कचेरीचे हेलपाटे सुरू झाले. स्वतःचंच पुस्तक उघडून, त्यातली ओळ खोटी आहे, असं ते साहेबांना सांगत. ऐकणारे गालात हसत. अखेर दगड नेणं थांबलं. पण गेलेल्या पायऱ्या बांधाच्या पोटातच राहिल्या.

नव्या आवृत्तीसाठी सरांनी पुन्हा माप घेतलं. माझी कडी तानुबाईने धरली. जिथे पायऱ्या होत्या, त्या रिकाम्या जागेवर मी ताणला गेलो. इतका जड मी कधीच झालो नव्हतो. पुस्तकात तो आकडा छापला आणि पुढे तीन शब्द: 'गाव नांदतं आहे.'

आता सर नाहीत. माझे आकडे पुसट झालेत. मित्रांनो, जुनं काही बघायला गेलात तर खुशाल मोजा. पण आधी एखाद्या दाराशी हाक मारा. कोणी ओ दिली नाही, तर सांजेपर्यंत थांबा. एसटी उद्याही असते.

ते शेवटचं माप घेतलं त्या दिवशी तानुबाईने भरलेली घागर उरलेल्या पायरीवर टेकवली आणि उचलली. दगडावर ओला गोल उमटला. सर तो वाळेपर्यंत बघत उभे होते.