हात धरला गेला

हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या मावशीला लिहिता-वाचता आलं ते पन्नाशीत. त्यानंतर दोनच वर्षांत फर्मान निघालं, की मावश्यांनीही आपलं रजिस्टर इंग्रजीत भरायचं.  मावशीला नोकरीची अजून तीन वर्षं काढायची होती.

तिला तारलं सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंनी. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाई. उजवं अंग लुळं पडलेलं, पण जीभ शाबूत आणि चांगली तिखट. दुपारी वॉर्ड पेंगायला लागला की मावशी रजिस्टर घेऊन त्यांच्या खाटेपाशी उभी राहायची.

"आय कोम्ड हेअर," तिनं वाचून दाखवलं.

"आय कशाला? तुझं कौतुक नकोय त्यांना. केस विंचरले गेले, एवढंच. हेअर वॉज कोम्ड."

"आणि विंचरले कोणी?"

"ते सांगायची गरज नसेल तर नाही सांगायचं. ह्याला पॅसिव्ह म्हणतात. काम पुढे, करणारा मागे. नाहीतर गुलच."

मावशीला खुदकन हसू आलं. "म्हणजे आमच्या सूनबाईसारखं. दूध उतू गेलं म्हणते. गॅसपाशी कोण नव्हतं, ते विचारायचं नाही!"

"माझ्या वर्गात असती तर पहिली आली असती तुझी सून."

पानं भरत गेली. विंडो वॉज ओपन्ड. फीट वेअर वॉश्ड. चूक झाली की बाई डाव्या हातानं पेन्सिलीची वाकडी रेघ मारायच्या.

मग बाईंची तब्येत ढासळली. एका दुपारी त्यांनी मावशीचा पदर धरला. "जरा बस ना गं. भीती वाटते."

मावश्यांनी खाटेपाशी बसायचं नाही, असा वॉर्डाचा नियम. वीस खाटा, दोन मावश्या. एकदा बसल्याबद्दल सिस्टरनं तिला लेखी समज दिली होती. तरी ती बसली, अर्धा तास, हात हातात घेऊन.

"आता हे लिही," बाई म्हणाल्या.

"बसले म्हणून लिहू? सिस्टर घरी पाठवतील मला."

"तू कुठे बसलीस? हँड वॉज हेल्ड. कोणी धरला, देव जाणे."

चार दिवस मावशीनं ती ओळ लिहिली. चौथ्या दिवशी, भर दुपारी, हात हातात असतानाच बाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची लेक पोचली, दोन विमानं बदलून. केस पिंजारलेले. सामान मिळाल्याची सही करायला सिस्टरनं तेच रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. सही करता करता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"आईजवळ कोणी होतं? हात धरून?"

सिस्टरनं चष्मा सावरून ओळ वाचली. "तसं इथे कोणी बसत नाही, ताई. परवानगीच नाही."

"म्हणजे एकटीच होती ती," लेक म्हणाली, आणि पेन खाली ठेवलं.

मावशी दाराशी होती, हातात धुतलेल्या चादरी. ती गप्प राहिली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. ओळ लिहिलीच तशी होती. तिनं चादरी मोकळ्या खाटेवर ठेवल्या.

"मी धरला होता. चारही दिवस. त्या गेल्या तेव्हाही. बसले होते मी, सिस्टर."

 लेक मटकन सात नंबरच्या खाटेवर बसली. तिचे खांदे हलू लागले. मावशीला काय सुचलं कोण जाणे, तिनं सामानाच्या पिशवीतून बाईंचा कंगवा काढला.

"प्रवासात काय दशा करून घेतलीत केसांची," ती म्हणाली आणि मागे उभी राहून हलक्या हातानं गुंता सोडवू लागली. "बाईंना मधोमध भांग लागायचा. जरा तिरका गेला की ओरडायच्या."

"मलाही ओरडायची," लेक रडता रडता म्हणाली.

सिस्टरनं रजिस्टर मिटलं. कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि मावशीच्या मागे आणून ठेवलं.

"बसा, मावशी. बसून विंचरा."