धाकटीचा बेस अ‍ॅम्प

ताईचा गिटारचा अ‍ॅम्प मेला तो ऐन वेळेला. वीज गेली, परत आली आणि मागच्या जाळीतून धूर निघाला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "ट्रान्सफॉर्मर गेला. यावर खर्च करण्यापेक्षा दुसरा घ्या." दुसरा घेण्याची ऐपत असती, तर ती त्याच्या दारात कशाला आली असती?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका हॉटेलात तिला वाजवून दाखवायचं होतं. जुन्या हॉटेलातलं काम सुटल्यापासून तिच्या हाताला काही नव्हतं. ऑर्केस्ट्रातली माणसं एकेक करून पांगली. उरले दोघंच, ती आणि गायक. त्याला सगळे बुलबुल म्हणत. भाडं थकल्यापासून घरमालकीण जिन्यात भेटली तरी बघून न बघितल्यासारखं करायची. गिटारीशिवाय ताईला दुसरं काही येत नव्हतं, आणि आता नव्याने शिकण्याचं वयही राहिलं नव्हतं.

तिने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन करून पाहिले. कुणी आवाजावरूनच ओळखलं आणि मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. शेवटी राहिली धाकटी बहीण.

धाकटी एके काळी तिच्याच ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची. एक दिवस भर कार्यक्रमात बेस खाली ठेवून ती निघून गेली, त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतंच. बेस तिने विकून टाकला. अ‍ॅम्प मात्र एवढा जड होता, की फुकट न्यायलाही कुणी आलं नाही.

"गिटारला बेसचा अ‍ॅम्प?" धाकटी दारातच म्हणाली.

"दुसरं काही नाहीये गं माझ्याकडे."

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि बाजूला झाली. अ‍ॅम्पवर तिच्या लहान मुलीच्या धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो उचलून तिने पलंगावर, झोपलेल्या मुलीच्या पायाशी टाकला.

ताईने गिटार जोडली, तार छेडली आणि तिचा चेहराच पडला. तोंडावर उशी दाबून कुणी गात असावं, तसा आवाज. धाकटीने बेसचं बटण शून्यावर आणलं, ट्रेबल पुरता चढवला. थोडं बरं वाटलं. मग ताईने आवाजाला धार आणणारा स्वस्तातला पेडल मध्ये लावला, जो लावून ती सोलो वाजवायची. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यागत झालं. मुलगी दचकून उठली आणि रडायला लागली.

"पेडल काढ," मुलीला खांद्यावर घेत धाकटी म्हणाली. "आणि मागे तो छोटा स्विच आहे ना, त्याने वरचा छोटा स्पीकर बंद कर. तोच चिरकतोय. आता मधले सूर वाढव. हं. आता वाजव, पण हळू."

ताईने हळू वाजवलं. आवाज गोल आणि स्वच्छ आला. छान होता, पण तिचा नव्हता. ज्या सोलोवर लोक जेवणं थांबवून माना वळवायचे, तो यातून निघणं शक्य नव्हतं.

"असंच वाजव उद्या," धाकटी म्हणाली. "आणि मी येणार बरोबर. एकटीने नेलास तर आपटशील तो."

हॉटेलचा हॉल रिकामा होता. वेटर टेबलांवर चादरी अंथरत होते. मॅनेजर एका कोपऱ्यात फोन घेऊन बसला होता. पहिलं गाणं ताईने धाकटीने सांगितलं तसंच वाजवलं. बुलबुलचा आवाज मोकळा लागला. पण मॅनेजरने मान वर केली नाही, आणि ताईचा धीर सुटला. दुसऱ्या गाण्यात तिने पायाने पेडल दाबला आणि अ‍ॅम्पचा आवाज चढवला. भिंती घुमायला लागल्या. टेबलांवरचे ग्लास किणकिणले. बुलबुलचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

मॅनेजरने हात वर केला. "बास, बास! मॅडम, लोक इथे जेवायला येतात हो!" मग तो बुलबुलकडे वळला. "तुमचा आवाज चांगला आहे. रेकॉर्ड केलेल्या संगीतावर गाल? तेवढंच परवडेल आम्हाला."

बुलबुलने ताईकडे पाहिलं नाही. "गाईन," तो म्हणाला.

ताई मॅनेजरच्या टेबलाशी गेली. "सर, हा अ‍ॅम्प माझा नाही, म्हणून असं झालं. मला एक संधी द्या. महिनाभर फुकट वाजवते. कोपऱ्यात बसते, कुणाला दिसणारही नाही. हवं तर दुपारी वाजवते, गर्दी नसताना..."

मॅनेजर अवघडून फोनकडे बघत राहिला. ती बोलतच राहिली. तिला थांबताच येईना. एक वेटर चादर हातात धरून तसाच उभा होता.

मागे खट्कन आवाज झाला. धाकटीने प्लगमधून वायर उपटली होती. "माझा अ‍ॅम्प आहे. मी घेऊन चाललेय. ताई, चल."

दोघी रस्त्यावर आल्या. एकीकडून एक, दुसरीकडून दुसरी, असा अ‍ॅम्प धरलेला. कोपऱ्यावर ताईने तो फुटपाथवर टेकवला.

"तुला काय गरज होती मध्ये पडायची? तो कदाचित हो म्हणाला असता!"

"नसता म्हणाला."

"तुला काय माहीत?"

"ताई, मी वर्षानुवर्षं तुझ्या मागे उभी राहून वाजवलं. तुझ्या आवाजापुढे माझा बेस कधी कुणाला ऐकू गेला नाही. तेव्हा फार राग यायचा तुझा. पण तू अशी कुणापुढे वाकलेली... नाही बघवलं मला."

ताई अ‍ॅम्पवरच बसली आणि रडली. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. धाकटी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मी काय करू आता?"

"मी कामाला जाते त्या लाँड्रीत इस्त्रीला एक जण हवीय. येते का इस्त्री?"

"कॉलर जाळते मी."

"सगळेच जाळतात आधी."

ताईने खरंच जाळल्या. बोलणी खाल्ली आणि राहिली. कित्येक आठवडे तिने गिटारला हात लावला नाही. मग एकदा लाँड्रीतल्या फळ्यावर चिठ्ठी लावून ती विकायलाही काढली. सुट्टीच्या दिवशी एक माणूस ताईच्या घरी गिटार बघायला आला तेव्हा धाकटी तिथेच होती, दार तिनेच उघडलं.

"गिटार विकायची आहे ना इथे?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. "चिठ्ठी चुकून लागली."

आतून ताईने ते ऐकलं. तिला खोडून काढायला ती उठून बाहेर आली नाही.